वकिलाविना ३१३ दिवस : लंडनच्या एका अब्रुनुकसानी खटल्याचा अभ्यास

वकील न देता आपला खटला आपणच चालवण्याची वेळ ज्यांच्यावर येते, त्यांच्यापैकी फार थोड्यांनी तो मार्ग आपखुशीने पत्करलेला असतो. बहुतेकांकडे वकिलाची फी भरायला पैसे नसतात आणि खटला मात्र अंगावर आलेला असतो. हेलन स्टील आणि डेव्ह मॉरिस हे दोघे लंडनच्या उच्च न्यायालयात अशाच स्थितीत उभे राहिले. २८ जून १९९४ रोजी सुरू झालेली त्यांच्या खटल्याची सुनावणी १३ डिसेंबर १९९६ रोजी संपली. कामकाज ३१३ दिवस चालले आणि इंग्लंडच्या न्यायालयीन इतिहासातील सर्वांत दीर्घ सुनावणी म्हणून तिची नोंद झाली. वादी म्हणून समोर होत्या मॅक्डोनल्ड्सच्या दोन कंपन्या, एक अमेरिकेतील मूळ कंपनी आणि दुसरी तिची ब्रिटनमधील कंपनी.

दोन सामान्य माणसांनी बलाढ्य कंपनीला जेरीस आणले, अशा रूपात हा खटला सहसा सांगितला जातो आणि त्यात तथ्यही आहे. परंतु स्वतःची बाजू स्वतः मांडण्याच्या प्रश्नाचा विचार करणाऱ्याने याकडे थोड्या वेगळ्या नजरेने पाहावे, असे मला वाटते. या दोघांना काय जमले आणि काय जमले नाही, हे सारे कागदोपत्री नोंदलेले आहे. पुढे एका आंतरराष्ट्रीय न्यायालयाने नेमके हेच तपासून त्यावर निर्णय दिला. हुशार, चिकाटीचा आणि वर्षानुवर्षे वेळ द्यायला तयार असलेला माणूस वकिलाविना कुठवर पोचतो आणि कुठे अडतो, याचा इतका तपशीलवार दाखला मला दुसरा ठाऊक नाही.

वादाचे मूळ

'लंडन ग्रीनपीस' नावाचा एक छोटा गट पर्यावरण आणि सामाजिक प्रश्नांवर काम करीत असे. त्याच नावाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेशी त्याचा संबंध नव्हता. या गटाने १९८६ मध्ये सहा पानांचे एक पत्रक काढले. वर्षावनांची तोड, गरीब देशांतील उपासमार, मुलांना भुलवणाऱ्या जाहिराती, आहारातून होणारे विकार, प्राण्यांना दिली जाणारी क्रूर वागणूक आणि कामगारांचे कमी वेतन अशा अनेक बाबतींत त्यात मॅक्डोनल्ड्सवर आरोप केलेले होते. पत्रक नेमके कोणी लिहिले, कोणी वाटले, हे शोधण्यासाठी कंपनीने खाजगी गुप्तहेर नेमले. हे गुप्तहेर सभासद असल्याचे भासवून गटाच्या बैठकांना हजर राहू लागले. २० सप्टेंबर १९९० रोजी कंपनीने पाच जणांविरुद्ध अब्रुनुकसानीचा दावा दाखल केला आणि एक लाख पौंडांपर्यंत नुकसानभरपाई मागितली. पाचांपैकी तिघांनी माफी मागून आपली सुटका करून घेतली. स्टील आणि मॉरिस यांनी माफी मागण्यास नकार दिला.

स्टील त्या काळात मद्यगृहात अर्धवेळ काम करीत आणि त्यांना आठवड्याला सुमारे ६५ पौंड मिळत; मध्ये मध्ये तेही काम नसे. मॉरिस पूर्वी टपाल खात्यात नोकरीला होते. दाव्याच्या काळात त्यांच्याकडे नोकरी नव्हती आणि सरकारी निर्वाहभत्त्यावर त्यांचे घर चालत होते. सुनावणी सुरू झाली तेव्हा त्यांचा मुलगा चार वर्षांचा होता आणि त्याचा रोजचा सांभाळ त्यांच्या एकट्याकडे होता. वकिलाविना लढणाऱ्याच्या हातात दिवसाचे तास किती असतात, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात येत नाही. प्रत्यक्षात मात्र बरेच काही त्यावरच ठरते, म्हणून हा तपशील इथे मुद्दाम नोंदवला आहे.

इंग्लंडमध्ये खाजगी पक्षकाराला परवडत नसेल तर सरकारी खर्चाने वकील देण्याची व्यवस्था होती; परंतु १९८८ च्या तत्संबंधीच्या कायद्याने अब्रुनुकसानीचे दावे त्यातून स्पष्टपणे वगळले होते. दोघांनी अर्ज केला आणि ३ जून १९९२ रोजी तो याच कारणास्तव फेटाळला गेला. उत्पन्नाच्या निकषात ते सहज बसत होते. दाव्याचा प्रकारच आड आला.

भार कोणावर

इंग्लंडच्या तेव्हाच्या अब्रुनुकसानीच्या कायद्यात वादीने मजकूर प्रसिद्ध झाला हे दाखवायचे आणि तो बदनामीकारक आहे हे पटवायचे, की पुढचा भार प्रतिवादीवर येत असे. विधान खोटे आहे हे वादीला सिद्ध करावे लागत नाही, ते खरे आहे हे प्रतिवादीने शाबीत करायचे असते. शिवाय हेच आरोप याआधी अनेक ठिकाणी छापून आले आहेत, असे म्हणून चालत नाही. प्रत्येक विधानासाठी साक्षीदार हवा किंवा दस्तऐवज हवा.

सहा पानांच्या एका पत्रकाचा दावा इतका का वाढला, हे यावरून कळते. एका वाक्यासाठी जंगलांच्या तोडीचा पुरावा, दुसऱ्यासाठी कोंबड्यांच्या पिंजऱ्यांचा, तिसऱ्यासाठी आहारशास्त्राचा आणि चौथ्यासाठी वेतनपत्रकांचा. सुनावणीत १३० साक्षीदारांच्या तोंडी साक्षी झाल्या, कागदोपत्री पुरावा सुमारे ४०,००० पानांचा होता आणि कामकाजाचा शब्दशः वृत्तांत सुमारे २०,००० पानांवर गेला. कंपनीच्या बाजूने अब्रुनुकसानीच्या कायद्यात मुरलेले ज्येष्ठ आणि कनिष्ठ वकील, एक आणि कधी दोन सॉलिसिटर (दाव्याची कागदोपत्री तयारी करणारे वकील), शिवाय कागदपत्रे सांभाळणारे कर्मचारी होते. दुसऱ्या बाजूला दोन माणसे. त्यांनीच साक्षीदार शोधायचे, त्यांच्या येण्याजाण्याच्या खर्चाची तजवीज करायची, प्रती काढायच्या, नोंदी घ्यायच्या आणि त्यांनीच उभे राहून प्रश्न विचारायचे.

मदत अजिबात नव्हती असे नाही. लोकांच्या देणग्यांतून सुमारे ४०,००० पौंड जमले. काही वकिलांनी फी न घेता साहाय्य केले. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले कीअर स्टार्मर त्यांपैकी एक होते. सुरुवातीची कैफियत वकिलांनीच लिहून दिली, अधूनमधून सल्ला मिळाला, सुनावणीपूर्वीच्या पाच तारखांना आणि सुनावणीच्या काळात तीन प्रसंगी वकील प्रत्यक्ष हजर राहिले. उरलेले सर्व दिवस दोघे एकटे होते. इंग्लंडमध्ये १९७० सालच्या मॅकेन्झी विरुद्ध मॅकेन्झी या निकालापासून वकिलाविना लढणाऱ्याला शेजारी एक साहाय्यक बसवता येतो. तो नोंदी घेतो, हळू आवाजात सुचवतो, कागद पुढे करतो. ही सोय मोलाची आहे, पण असा साहाय्यक न्यायालयाच्या परवानगीवाचून स्वतः बोलू शकत नाही, आणि कायद्याचे जे ज्ञान पक्षकाराकडे नसते ते बहुधा त्याच्याकडेही नसते.

सुनावणीपूर्वीची लढाई

वकील नसलेला पक्षकार सहसा सुनावणीच्या दिवसाची धास्ती घेतो. प्रत्यक्षात अनेक दावे त्याआधीच्या अर्जांवर जिंकले वा हरले जातात, आणि या दाव्यातही दोन मोठे निर्णय सुनावणी सुरू होण्याआधीच झाले होते.

पहिला निर्णय दोघांच्या बाजूने लागला. पुरेसा पुरावा नाही या सबबीवर त्यांच्या कैफियतीतील काही भाग खटल्याआधीच काढून टाकण्यात आला होता. मार्च १९९४ मध्ये अपील न्यायालयाने तो परत घातला. प्रतिवादीचा आपल्या विधानावर विश्वास हवा, सुनावणीत त्या विधानाचे समर्थन करण्याचा त्याचा इरादा हवा, आणि पुरावा आज हातात नसला तरी तो सुनावणीपर्यंत मिळेल असे मानायला सयुक्तिक आधार हवा, एवढे असले की बचाव मांडू द्यावा, असे न्यायालयाने ठरवले. ज्याच्याकडे साधने कमी असतात त्याला कागद समोरच्या पक्षाकडूनच मागवून घ्यावे लागतात आणि ते उशिरा मिळतात. बचाव आधीच तोडला तर ते कागद मागण्याचा हक्कही जातो. ही तत्त्वे पुढच्या अब्रुनुकसानीच्या दाव्यांतही आधाराला घेतली गेली.

दुसरा निर्णय विरुद्ध गेला. कागदपत्रांची छाननी दीर्घ आहे आणि शास्त्रीय मुद्दे किचकट आहेत, ते ज्युरीपुढे सोयीने चालवता येणार नाहीत, असे कंपनीने म्हटले आणि ते मान्य झाले. खटला एकट्या न्यायाधीशांपुढे चालला. इंग्लंडमध्ये अब्रुनुकसानीच्या दाव्यात ज्युरी मिळणे ही तेव्हा सर्वसाधारण रीत होती. साध्या भाषेत बोलणाऱ्या, वकील नसलेल्या पक्षकाराचे म्हणणे बारा सामान्य नागरिकांना कसे वाटले असते, हे आता सांगता येत नाही. न्यायाधीशांपुढे मात्र बोलायचे ते कायद्याच्या भाषेत, आणि तीच भाषा या दोघांना दर तारखेला नव्याने शिकावी लागत होती.

न्यायालयात

खटला न्या. रॉजर बेल यांच्यापुढे चालला. त्यांनी या दोघांना बरीच मोकळीक दिली, कायद्याचे मुद्दे समजावून सांगितले, प्रश्न भरकटले तरी पुष्कळदा चालवून घेतले. पुढे वरिष्ठ न्यायालयांनीही याची नोंद घेतली.

उलटतपासणीत दोघे चांगले निभावले, असे नोंदी वाचणाऱ्याला मान्य करावे लागते. याचे कारणही समजण्यासारखे आहे. उलटतपासणीत वस्तुस्थितीची पकड लागते आणि विषयात बुडालेल्या माणसाकडे ती असू शकते. कंपनीच्या बाजूने आलेल्या एका कर्करोगतज्ज्ञाला त्यांनी एक विधान वाचून दाखवले. चरबी, साखर, मीठ आणि प्राणिज पदार्थ जास्त व तंतू आणि जीवनसत्त्वे कमी असलेल्या आहाराचा स्तन व आतड्याच्या कर्करोगाशी आणि हृदयविकाराशी संबंध आहे, असे ते विधान होते. सामान्य जनतेला उद्देशून असे सांगणे अगदी वाजवी आहे, असे तज्ज्ञाने उत्तर दिले. हे विधान वादग्रस्त पत्रकातलेच होते. विरुद्ध बाजूच्या तज्ज्ञाकडून असे उत्तर मिळवणे हे कसलेल्या वकिलालाही समाधान देईल असे काम आहे.

आता त्यापुढे काय झाले ते पाहावे. कंपनीने आपल्या दाव्यात दुरुस्ती करण्याची परवानगी मागितली. या मजकुराचा अर्थ आहार आणि आजार यांचा केवळ संबंध असतो एवढाच नसून, कंपनीचे अन्न खाल्ल्याने ग्राहकांना आजार होतात असा आहे, हे तिला म्हणायचे होते. न्यायाधीशांनी दुरुस्तीला परवानगी दिली. त्याविरुद्धच्या अपिलात दोघांच्या बाजूने विनामूल्य काम करणारे वकील उभे राहिले, तरी दुरुस्ती कायम राहिली. पुढे मजकुराच्या अर्थावर स्वतंत्र निर्णय झाला तोही दोघांना प्रतिकूल. अब्रुनुकसानीच्या दाव्यात शब्दांचा अर्थ कोणता हे आधी ठरते, आणि मग त्या ठरलेल्या अर्थाने ते खरे आहेत का हे पाहिले जाते. अर्थ कडक ठरला की त्याला लागणारा पुरावाही कडक लागतो. तज्ज्ञाकडून मिळवलेली कबुली सौम्य अर्थाला पुरेशी होती. नव्या अर्थापुढे ती तोकडी पडली.

माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत शिकण्यासारखा प्रसंग हाच आहे. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मिळवलेले यश दाव्याच्या मसुद्यातल्या एका दुरुस्तीने निष्प्रभ होऊ शकते. तथ्ये गोळा करणे, प्रश्न विचारणे, विसंगती पकडणे ही कामे सामान्य माणूस कष्टाने शिकतो. एखाद्या उत्तराचे मोल कोणत्या मुद्द्याच्या चौकटीत ठरणार आहे आणि ती चौकट समोरचा पक्ष कधी हलवू शकतो, हे ओळखायला मात्र त्या कायद्यात घालवलेली वर्षे लागतात. फुकट काम करणारे वकील या अपिलात होते आणि तरीही हार झाली, हे मी झाकून ठेवत नाही. परंतु एका सुनावणीपुरता आलेला वकील आणि पहिल्या दिवसापासून दाव्याची बांधणी करणारा वकील यांच्यात फरक असतो, आणि पुढे स्ट्रासबर्ग येथील मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाने याच फरकावर बोट ठेवले.

दुसरा प्रसंग रोजच्या वृत्तांताचा. न्यायालयात काय बोलले गेले त्याची शब्दशः प्रत रोज मिळायची तर दिवसाला सुमारे ७५० पौंड खर्च होता, दोन्ही पक्षांत वाटून घेतला तरी ३७५ पौंड. दोघांना हे शक्य नव्हते. सुरुवातीला कंपनी पैसे भरून त्यांना प्रत विनामूल्य देत होती. या प्रती फक्त खटल्यासाठी वापरू, न्यायालयात झालेले बोलणे प्रसिद्ध करणार नाही, अशी हमी तिने मागितली, ती दोघांनी दिली नाही आणि ३ जुलै १९९५ पासून प्रती बंद झाल्या. हमीशिवाय प्रती देण्याचा आदेश काढण्यास न्यायाधीशांनी नकार दिला आणि अपील न्यायालयाने तो नकार कायम ठेवला. त्यानंतर देणग्यांच्या पैशांतून दोघे कमी दरात प्रती घेऊ लागले, पण त्या साक्ष झाल्यानंतर २१ दिवसांनी हाती येत. ज्याने सोमवारी साक्ष दिली त्याला मंगळवारी त्याच्याच शब्दांत पकडायचे तर सोमवारचे शब्द समोर हवेत. ते नसतील तर स्वतःच्या हाताने घेतलेल्या नोंदींवर भिस्त ठेवावी लागते, आणि जो प्रश्न विचारतो त्याला त्याच वेळी नीट लिहून घेता येत नाही.

तिसरी गोष्ट एका प्रतिज्ञापत्राची. लंडनच्या हॅरिंगे नगरपरिषदेशी झालेल्या एका वेगळ्या वादात मॉरिस यांच्या बाजूने पूर्वी एक प्रतिज्ञापत्र दाखल झाले होते. या खटल्यात पत्रकाच्या प्रसिद्धीतील त्यांचा वाटा दाखवण्यासाठी ते त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरले गेले. आम्ही हे पत्रक प्रसिद्ध केलेलेच नाही आणि केले असे धरले तरी त्यातला मजकूर खरा आहे, असा दोघांचा बचाव होता. कायदा असा पर्यायी बचाव चालवून घेतो. पण त्यातला पहिला भाग टिकवायचा तर प्रसिद्धीशी संबंध दाखवणारा प्रत्येक कागद पुराव्यात यावा की नाही यावर नेमका, वेळच्या वेळी आक्षेप घ्यावा लागतो. सामान्य माणसाच्या दृष्टीने जुन्या, संपलेल्या वादातला कागद म्हणजे रद्दी. वकिलाच्या दृष्टीने आपल्या सहीचा प्रत्येक कागद कधीही समोर येऊ शकतो. आपला खटला आपण चालवणाऱ्याने सर्वांत आधी काय करावे, असे कोणी विचारले तर पूर्वी कोणत्याही न्यायालयात, कार्यालयात दिलेली आपली लेखी निवेदने शोधून वाचावीत, असे मी सांगेन.

निकाल आणि अपील

१९ जून १९९७ रोजी न्या. बेल यांनी ७६२ पानांचा निकाल दिला. जाहिरातींतून मुलांचा गैरफायदा घेतला जातो, अन्न पौष्टिक असल्याचा प्रचार वस्तुस्थितीशी जुळत नाही, काही प्राण्यांना दिल्या जाणाऱ्या क्रूर वागणुकीला कंपनी जबाबदार आहे आणि ब्रिटनमध्ये तिचे कमी वेतन त्या व्यवसायातले एकूण वेतन खाली ठेवायला हातभार लावते, एवढे आरोप त्यांनी सिद्ध झाले असे मानले. वर्षावने, गरीब देशांतली उपासमार आणि इतर काही आरोप सिद्ध झाले नाहीत. कंपनीने १९९४ मध्ये या दोघांना खोटे ठरवणारी पत्रके काढली होती. त्यावरचा दोघांचा प्रतिदावा फेटाळला गेला. एकूण ६०,००० पौंड नुकसानभरपाई ठरली. संपूर्ण रकमेची जबाबदारी मॉरिस यांच्यावर आणि त्यांच्याबरोबर ५५,००० पौंडांपर्यंतची स्टील यांच्यावर आली.

कंपनीने दाव्याचा खर्च मागितला नाही, हे विसरू नये. इंग्लंडमध्ये हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा ही सर्वसाधारण रीत आहे, आणि कंपनीचा खर्च एक कोटी पौंडांहून अधिक झाल्याचा अंदाज होता. ती मागणी झाली असती तर नुकसानभरपाईची रक्कम तिच्यापुढे क्षुल्लक ठरली असती. स्वतः लढणाऱ्याला वाटते की आपण वकिलाची फी वाचवली. समोरच्याच्या वकिलाची फी आपल्यावर पडू शकते, हा धोका हिशेबात धरायचा राहून जातो.

अपिलाची सुनावणी १२ जानेवारी १९९९ रोजी सुरू झाली, २३ दिवस चालली, आणि तिथेही दोघांनी स्वतःच बाजू मांडली. ३१ मार्च १९९९ च्या निकालात अपील न्यायालयाने त्यांना आणखी काही मुद्द्यांवर यश दिले. हे अन्न पुरेसे खात राहिले तर आहारातली चरबी वाढून हृदयविकाराचा खरा धोका संभवतो, एवढे विधान त्याने समर्थनीय मानले, आणि कामगारांच्या वेतनावर व कामाच्या परिस्थितीवर केलेली टीका ही प्रामाणिक मतप्रदर्शन म्हणून चालण्याजोगी ठरवली. नुकसानभरपाई ४०,००० पौंडांवर आली. त्यात स्टील यांचा वाटा ३६,००० पौंडांपर्यंत होता. तेव्हा ब्रिटनचे सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने मार्च २००० मध्ये पुढील अपिलाची परवानगी नाकारली. कंपनीने ही रक्कम वसूल करण्याचा प्रयत्न केला नाही.

स्ट्रासबर्गचा निर्णय

दोघांनी ब्रिटिश सरकारविरुद्ध मानवी हक्कांच्या युरोपीय यंत्रणेकडे दोनदा दाद मागितली. पहिल्यांदा, सुनावणी सुरू होण्याआधी, मे १९९३ मध्ये त्यांचा अर्ज दाखल करून घेण्याजोगा नाही असे ठरले. सरकारी मदत नसतानाही ते चिवटपणे लढत आहेत, असे त्या वेळी म्हटले गेले. जो नीट लढतो त्याला मदतीची गरज नाही, या तर्कात मला मोठी खोट दिसते. अन्यायाची तक्रार ऐकून घ्यायची तर माणसाने आधी नीट हरून दाखवावे, असा त्याचा अर्थ होतो.

१५ फेब्रुवारी २००५ रोजी मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाने एकमताने वेगळा निर्णय दिला. मानवी हक्कांच्या युरोपीय करारातील न्याय्य सुनावणीच्या हक्काचे कलम ६ आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे कलम १० या दोहोंचा भंग झाला, असे त्याने म्हटले. या निर्णयातली कारणमीमांसा स्वतःची बाजू स्वतः मांडणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे. दोघे स्पष्ट बोलणारे आणि धडाडीचे होते, बऱ्याच विधानांचे सत्य त्यांनी शाबीत केले, हे न्यायालयाने मान्य केले. तरीही विनामूल्य मदत करणाऱ्या वकिलांचे तुरळक साहाय्य किंवा न्यायाधीशांनी दिलेली व्यापक मोकळीक यांपैकी काहीच, खटला आणि अब्रुनुकसानीचा कायदा दोन्ही जाणणाऱ्या अनुभवी वकिलाच्या सलग कामाची जागा घेऊ शकत नाही, असे त्याने ठरवले. खटला इतका लांबला हीच काही अंशी दोघांच्या अननुभवाची खूण आहे, असेही त्याने नोंदवले. हॅरिंगे प्रतिज्ञापत्राचा उल्लेख करून, वकील असता तर अशा एखाद्या मुद्द्यावर निकाल वेगळा लागण्याची शक्यता होती, असे म्हटले.

मोठ्या कंपन्यांना अब्रुनुकसानीचा दावा करण्याचा हक्क देणे चूक आहे, असे न्यायालयाने म्हटले नाही. असा हक्क आणि पुराव्याचा भार प्रतिवादीवर टाकणारा नियम, दोन्ही ठेवायचे असतील तर दोन्ही बाजूंना लढण्याची बऱ्यापैकी समान साधने मिळाली पाहिजेत, असे त्याचे म्हणणे होते. स्टील यांना २०,००० आणि मॉरिस यांना १५,००० युरो भरपाई आणि वेगळा खर्च देण्याचा आदेश ब्रिटिश सरकारला झाला. या न्यायालयापुढे दोघांच्या बाजूने वकील होते आणि त्यांत स्टार्मरही होते.

न्यायाधीशांची मोकळीक पुरेशी नसते या निरीक्षणाला दुसरी बाजू आहे, आणि ती वकिलाविना उभे राहणाऱ्याला आधीच माहीत असलेली बरी. बार्टन विरुद्ध राइट हॅसल या २०१८ च्या निकालात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एका पक्षकाराने स्वतःच चालवलेला दावा होता. त्याने समोरच्या वकिलांना दाव्याची प्रत ईमेलने पाठवली. ईमेलने प्रत स्वीकारू, असे त्या वकिलांनी कळवलेले नव्हते, म्हणून ती बजावणी ग्राह्य ठरली नाही आणि दाव्याची मुदत टळली. वकील नसल्यामुळे कामकाज चालवताना न्यायालय थोडे सांभाळून घेईल, पण नियम पाळण्याची पातळी खाली येणार नाही, असे बहुमताने ठरले. पाचांपैकी दोन न्यायाधीशांचे मत वेगळे होते. साक्षीच्या वेळी मिळणारी सवलत मुदत आणि बजावणी यांच्या बाबतीत मिळेल असे गृहीत धरणाऱ्याचा घात होतो.

त्यानंतरचा कायदा

२०१३ च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये अब्रुनुकसानीच्या दाव्याला गंभीर हानीची अट घातली आणि नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेला गंभीर आर्थिक नुकसान झाले वा होण्याची शक्यता आहे हे दाखवणे आवश्यक केले. ज्युरी ही सर्वसाधारण रीत त्याच कायद्याने संपवली. विधान खरे आहे हे शाबीत करण्याचा भार मात्र प्रतिवादीवरच ठेवला गेला.

सरकारी खर्चाने वकील देण्याच्या व्यवस्थेत २०१२ च्या कायद्याने मोठी कपात केली. कौटुंबिक वादांसह अनेक दिवाणी प्रकरणे तिच्याबाहेर गेली आणि त्या न्यायालयांत वकिलाविना उभे राहणाऱ्यांची संख्या वाढली. अब्रुनुकसानीचे दावे आधीपासून बाहेर होते ते बाहेरच राहिले. मदत दिली नाही तर मानवी हक्कांचा भंग होईल अशा प्रकरणांसाठी त्या कायद्यात अपवाद ठेवलेला आहे. तो मिळवण्यासाठी अर्ज करावा लागतो. प्रकरण आपल्या एकट्याच्या आवाक्याबाहेरचे का आहे, हे त्या अर्जात अर्जदाराने कायद्याच्या भाषेत पटवून द्यायचे असते, आणि अनेकदा तो अर्ज लिहिताना त्याच्याजवळ वकील नसतो.